कर्णिकार म्हणजे कोणतं झाड? जुन्या ग्रंथातलं फुलाचं नाव ओळखण्याची रीत

जुनं संस्कृत काव्य किंवा त्याचा मराठी अनुवाद वाचताना कर्णिकार हा शब्द आपल्याला अधूनमधून भेटतो. रामायणात तो आहे, कालिदासाकडे पुन्हापुन्हा आहे, भागवतातल्या वेणुगीतात कृष्णाने हे फूल कानांवर खोवलेलं आहे. अनुवादात तळटीप असलीच तर ‘एक फुलझाड’ एवढीच असते.

कोश उघडला तर गोंधळ वाढतो. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत-इंग्रजी कोशात कर्णिकार या शब्दापुढे दोन झाडं दिली आहेत. एक कनकचंपा, ज्याला मराठीत मुचकुंदही म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव टेरोस्पर्मम असेरिफोलियम. दुसरं कॅसिया फिस्टुला, म्हणजे आपला बहावा. ही दोन झाडं एकमेकांसारखी अजिबात दिसत नाहीत. मग कवीच्या मनात यांपैकी कोणतं होतं, हे ठरवायचं कसं?

त्याची एक रीत आहे. ती शिकायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, संस्कृतही जुजबी आलं तरी भागतं. एक वही, चांगला अनुवाद आणि झाडाखाली जाऊन उभं राहण्याची तयारी पुरते. कर्णिकार हा शब्द घेऊनच ही रीत पायरीपायरीने पाहू.

पहिलं काम म्हणजे कोश मिटून बाजूला ठेवणं. बहुतेकांची चूक इथेच होते. कोशातलं लॅटिन नाव आधी वाचलं की पुढे प्रत्येक ओळीत तेच झाड दिसू लागतं. म्हणून आधी फक्त उल्लेख गोळा करावेत: शब्द कुठे आला, कोणत्या ग्रंथात, कोणत्या प्रसंगात आणि त्याच्या आजूबाजूला काय म्हटलं आहे. दहा-बारा उल्लेख हाती आले की चित्र उमटायला लागतं. एका उल्लेखावर निर्णय करू नये.

दुसरं काम शब्द नीट पाहण्याचं. कर्णिका म्हणजे कानातला दागिना. कमळाच्या मधोमध असतो तो बियांचा गोल गड्डा, त्यालाही कर्णिकाच म्हणतात. त्यामुळे कर्णिका आणि कर्णिकार यांची गल्लत होऊ देऊ नये; कमळाच्या वर्णनात कर्णिका आली तर तिथे आपलं झाड नाही. कर्णिकार हे नाव कानातल्या दागिन्यावरून पडलं असावं, असं सहज वाटतं. कवी हे फूल कानात घालायला लावतात, तेव्हा ते पटतंही. पण व्युत्पत्तीवरून झाड ओळखता येत नाही. कानात खोवता येईल असं फूल शेकडो झाडांना येतं.

आता उल्लेखांमधल्या खुणा वेगळ्या काढू. इथे घाई करू नये, कारण सगळा निकाल यावरच ठरतो. रंग, गंध, आकार, ऋतू, झाडावर फुलं कशी येतात आणि माणसं त्यांचं काय करतात, अशी सहा घरं वहीत आखावीत आणि प्रत्येक उल्लेखातलं त्या त्या घरात टाकावं.

रंगाचं घर सर्वांत लवकर भरतं. पाली ग्रंथांत ध्यानासाठी चार रंगांचे चार नमुने सांगितलेले आहेत. महापरिनिब्बान सुत्तातही ते येतात. निळ्यासाठी अळशीचं फूल, तांबड्यासाठी बंधुजीवक म्हणजे दुपारीचं फूल, पांढऱ्यासाठी शुक्राची चांदणी आणि पिवळ्यासाठी कणिकार, म्हणजे कर्णिकाराचंच पाली रूप. ही खूण मला फार मोलाची वाटते. ध्यानाला बसणाऱ्याला पिवळा म्हणजे कसा, हे सांगायला कुणी फिकट किंवा दुर्मीळ फूल निवडणार नाही. सगळ्यांनी पाहिलेलं आणि निर्भेळ पिवळं फूलच तिथे चालेल.

रामायणाच्या किष्किंधाकांडात पंपा सरोवराकाठचा वसंत आहे. तिथे राम लक्ष्मणाला फुललेले कर्णिकार दाखवतो आणि सोन्याने मढलेल्या, पीतांबर नेसलेल्या माणसांची उपमा देतो. यातून रंगाबरोबर आणखी एक गोष्ट कळते. फुलं फांदीवर इथे एक, तिथे एक अशी नाहीत. झाड वरपासून खालपर्यंत वस्त्रासारखं झाकलं गेलं आहे.

कालिदासाच्या कुमारसंभवाचा तिसरा सर्ग तर या शब्दासाठी खाणच आहे. तिथे पार्वतीच्या अंगावर वसंतातल्या फुलांचे दागिने आहेत आणि त्यांत सोन्याची झळाळी हिरावून घेणारा कर्णिकार आहे. पुढे ती शंकरापुढे वाकते, तेव्हा काळ्या केसांत शोभणारं कर्णिकाराचं ताजं फूल गळून पडतं. म्हणजे फूल केसांत माळण्याइतपत हलकं आहे, काळ्यावर उठून दिसणारं आहे आणि जरा वाकलं की सुटून पडणारं आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ऋतुसंहारातही हे फूल वसंतातच आणि कानांवर आहे.

कुमारसंभवाच्या त्याच सर्गात कवी एक तक्रार करतो. कर्णिकाराचा रंग इतका सुरेख, पण त्याला गंध नाही, याचं मनाला दुःख होतं. विधाता सगळे गुण एका ठिकाणी देत नाही, असा त्याचा भाव आहे. फुलाच्या वर्णनात ‘गंध नाही’ असं सांगणारा कवी विरळा. स्तुती करताना कवी सवयीने सुगंध जोडून देतात. उणीव मात्र सवयीने लिहिली जात नाही. म्हणून नकारार्थी खुणेला वहीत दुप्पट वजन द्यावं.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात: पाहिलेलं कोणतं आणि परंपरेने आलेलं कोणतं, हे वेगळं करणं. संस्कृत काव्यात कविसमय नावाचा प्रकार आहे. कविसमय म्हणजे निसर्गात तसं नसलं तरी काव्यात तसंच म्हणायचं, असा कवींमध्ये ठरून गेलेला संकेत. राजशेखराने काव्यमीमांसेत यावर प्रकरणंच लिहिली आहेत. चंदनाला फुलं-फळं वर्णायची नाहीत, अशोकाला फळ दाखवायचं नाही, वाहत्या नदीतही कमळं फुललेली दाखवायची, असे हे संकेत आहेत.

कर्णिकाराबद्दलही असाच एक संकेत आहे. सुंदर स्त्रीने त्याच्यापुढे नृत्य केलं की तो फुलतो, असं मानलं जाई. स्त्रीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो, त्याच माळेतली ही कल्पना. ती रम्य आहे, पण झाड ओळखायला तिचा उपयोग शून्य. अशा उल्लेखांवर काट मारावी आणि राहिलेल्या खुणा घेऊन बाहेर पडावं.

आता झाडाखाली जाऊ. आधी बहावा. चैत्र-वैशाखात त्याची बरीचशी पानं झडतात आणि फांद्यांवरून हात-दीड हात लांबीचे पिवळेधमक घोस लोंबू लागतात. झाड अक्षरशः पिवळं होतं. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या, आत लांब वळलेले पुंकेसर. फूल हलकं असतं आणि सहज गळतं; बहाव्याखालची जमीन पाहिली की हे कळतं. वास अगदी मंद, नाक जवळ नेल्याशिवाय जाणवत नाही. पुढे हातभर लांबीच्या काळपट, नळीसारख्या शेंगा लागतात.

मग कनकचंपा. झाड उंच, पानं ताटाएवढी आणि खालून पांढुरकी. त्यांच्या पत्रावळीही होतात. कळी बोटाएवढी लांब आणि मखमली तपकिरी. ती फुटली की बाहेरची पाच जाड दळं मागे वळतात आणि आत पांढऱ्या पाकळ्या दिसतात. फूल रात्री उमलतं. सुगंध असा की सुकलेल्या फुलालाही तो बराच काळ राहतो. हे झाड मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं आणि बंगाल-आसामकडचं. आपल्याकडे ते मुख्यतः बागांमध्ये आणि रस्त्याकडेला लावलेलं आढळतं.

वही उघडून दोन्ही झाडं खुणांवर ठेवून पाहा. निर्भेळ पिवळा रंग: बहावा. पीतांबरासारखं झाकलेलं झाड: बहावा. केसांतून गळणारं हलकं फूल: बहावा. गंध नाही: बहाव्याचा मंद वास कवीने हिशेबात धरला नाही असं समजता येईल, पण कनकचंप्याला निर्गंध म्हणणं शक्यच नाही. कालिदासाने तो एकदा हातात घेतला असता तरी असं लिहिलं नसतं.

ऋतूपाशी एक नेहमीची चूक होते, म्हणून तिथे थोडं थांबू. वसंत म्हटलं की आपल्याला वसंतपंचमी आठवते आणि आपण माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी झाडं शोधू लागतो. पण ऋतूंच्या गणनेत वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख, साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. बहावा त्यात बसतो.

याच टप्प्यावर तिसऱ्या उमेदवाराचाही विचार करायला हवा. कोशात नाही म्हणून एखादं झाड सोडून देऊ नये. आपल्या कोरड्या डोंगरांवर सोनसावर फुलते. पानं नसलेल्या फांद्यांच्या टोकांना मोठी सोनेरी फुलं येतात. तिला गणेर असंही म्हणतात आणि ते नाव कानाला कर्णिकाराच्या जवळचं वाटतं. पण तिची फुलं टोकाटोकाला असतात, झाड झाकून टाकत नाहीत. पीतांबर नेसलेला माणूस काही तिच्यात दिसत नाही. म्हणून मी तिला मागे ठेवते. आपल्याला वेगळं वाटलं तर तशी नोंद जरूर करावी.

नावाच्या साम्याला किती मान द्यायचा, याचा चांगला धडा विल्यम जोन्सच्या टिपणात आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा हा न्यायाधीश संस्कृतचा आणि इथल्या वनस्पतींचा चाहता होता. भारतीय वनस्पतींवरची त्याची टिपणं १७९०च्या दशकात ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापली गेली. त्यांत तो सांगतो की कालिदासाचा कर्णिकार बंगालमधल्या पंडितांनाही आणि वैद्यांनाही आणून दाखवता आला नाही. पॅवेट्टा नावाच्या झुडपाला तिथले शेतकरी कांक्रा म्हणत. ते कर्णिकाराचंच बिघडलेलं रूप असेल, असं त्याला वाटलं. पण अमरकोशाच्या एका टीकेत बोलीतलं नाव काठचंपा असं दिलेलं त्याला सापडलं आणि तो पुन्हा साशंक झाला. पॅवेट्टाची एक जात आपल्याकडे पापट म्हणून ओळखली जाते. तिचा पांढरा फुलोरा पाहिला की नुसत्या उच्चारावर विसंबण्यातला धोका लगेच कळतो.

असाच दुसरा खड्डा कण्हेरीचा आहे आणि तो आजही माणसांना पाडतो. कर्णिकार आणि हिंदीतला कनेर यांचे उच्चार जवळचे, म्हणून भागवताच्या हिंदी अनुवादात कृष्णाच्या कानांवर पिवळ्या कनेराची फुलं येतात. चित्रकार मग तीच काढतात. पण पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. युरोपीय जहाजं समुद्र ओलांडू लागण्याआधी ती भारतात असण्याचं कारण नाही. आपली जुनी तांबडी-पांढरी कण्हेर संस्कृतात करवीर म्हणून वेगळी नांदते आहे.

म्हणून प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न विचारलाच पाहिजे: ग्रंथ लिहिला गेला तेव्हा हे झाड या देशात होतं का? गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेचा, रस्त्याकडेचा पिवळा टॅबेबुयाही तिकडचाच. ही झाडं आपल्या डोळ्यांत इतकी बसली आहेत की जुन्या काव्यातही ती नकळत लावली जातात.

इतकं झाल्यावर आता कोश उघडू. आधुनिक नव्हे, जुने. दोन प्रकारचे लागतील. अमरकोश हा पर्यायांचा कोश आहे. निघंटू म्हणजे औषधी द्रव्यांची नावं आणि गुण सांगणारा वैद्यांचा ग्रंथ. दोन्हींत एका झाडाची अनेक नावं ओळीने दिलेली असतात आणि त्या नावांतच खुणा दडलेल्या असतात.

इथे आपल्या निकालाला धक्का बसतो. अमरकोशात बहाव्याचा गट वेगळा आहे: आरग्वध, राजवृक्ष, चतुरंगुल, व्याधिघात, कृतमाल वगैरे. कर्णिकार त्या गटात नाहीच. तो दुसरीकडे, द्रुमोत्पल आणि परिव्याध या नावांबरोबर येतो. द्रुमोत्पल म्हणजे झाडावरचं कमळ. बहाव्याच्या लहान फुलाला कुणी कमळ म्हणणार नाही. कनकचंप्याच्या मोठ्या फुलाला म्हणेल. काठचंपा सांगणारा तो टीकाकारही याच बाजूला झुकतो. उलट सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्राने आरग्वधाच्या पर्यायांतच कर्णिकार घातला आहे, दीर्घफल आणि स्वर्णभूषण या नावांच्या शेजारी. म्हणजे तिथे तो उघडच बहावा आहे.

दोन अधिकारी ग्रंथ असे परस्परविरुद्ध बोलले की पुष्कळ जण एकाला चूक ठरवून मोकळे होतात. तसं करू नये. हे नाव कोण वापरतं, कशासाठी वापरतं, ते पाहावं. वैद्याला बहाव्याच्या शेंगेशी काम. तिच्यातला मगज पोट साफ करायला देतात, म्हणून त्याची नावं व्याधिघात, आरग्वध अशी. चरकाच्या सूत्रस्थानात तर एक अध्यायच आरग्वधाच्या नावाने आहे. कवीला शेंग नको, फूल हवं, म्हणून तो कर्णिकार म्हणतो. एकच झाड दवाखान्यात एका नावाने आणि काव्यात दुसऱ्या नावाने वावरलं, तर कोशकाराला ती दोन झाडं वाटणं सहज शक्य आहे. शिवाय प्रांत बदलला की नाव दुसऱ्या झाडावर जाऊन बसतं. पूर्वेकडे, जिथे कनकचंपा रानात वाढतो, तिथे हे नाव त्याला चिकटलं असावं, असं माझं मत आहे.

न जुळणारी खूणही वहीतून खोडू नये. कालिदासाच्या विक्रमोर्वशीयात दुसऱ्या अंकाच्या शेवटी भर दुपारचं वर्णन आहे. उन्हाने कासावीस झालेला मोर झाडाच्या आळ्यात बसतो आणि भुंगा कर्णिकाराची कळी फोडून आत दडतो. बहाव्याची कळी वाटाण्याहून थोडी मोठी. तिच्यात मोठा भुंगा मावणं अवघड. कनकचंप्याच्या लांब कळीत त्याला जागा आहे. ही एक खूण आपल्या निकालाच्या विरुद्ध जाते. मला रंग आणि गंध यांची साक्ष भारी वाटते, म्हणून मी निकाल बदलत नाही. पण ही ओळ मी वहीत ठेवली आहे.

स्थळाचं प्रमाण सर्वांत शेवटी आणि जपून वापरावं. अरण्यकांडात रावण सीतेला उचलून नेतो, तेव्हा ती जनस्थानाला आणि तिथल्या फुललेल्या कर्णिकारांना हाक मारते: हे रामाला सांगा. परंपरेने जनस्थान म्हणजे आपल्या नाशिकचा परिसर. त्या कोरड्या पानगळीच्या रानांत बहावा आपोआप वाढतो, कनकचंपा नाही. हे निकालाला पोषक आहे. मात्र कवी प्रत्येक झाड त्या जागी जाऊन पाहून लिहितो असं नाही, म्हणून एवढ्यावरच भिस्त ठेवू नये.

निकाल लिहिताना खात्री किती, तेही लिहावं. मी अशी नोंद करीन: रामायण, पाली ग्रंथ आणि कालिदास यांतला कर्णिकार बहुतांशी बहावा, भावप्रकाशात निश्चित बहावा, अमरकोशात बहुधा कनकचंपा. भागवतातल्या कर्णिकारासाठी बहावा संभवतो, पिवळी कण्हेर नाही. आपण अनुवाद करत असाल तर मजकुरात कर्णिकार हाच शब्द ठेवावा आणि बहावा तळटिपेत सांगावा. मजकुरातच बहावा घातला, तर पुढच्या वाचकाला मूळ शब्द पुन्हा तपासता येणार नाही.

या रीतीने दुसरा शब्द घेऊन पाहायचा असेल तर सिंदुवार घ्या. पार्वतीच्या त्याच फुलांच्या साजात तो मोत्यांच्या जागी आहे. कोश आपल्याला निर्गुडी सांगतील, पण निर्गुडीची फुलं निळसर असतात आणि मोती पांढरे. भावप्रकाशात पांढऱ्या फुलांचा सिंदुवार आणि निळ्या फुलांची निर्गुंडी वेगळी सांगितली आहे. तिथून सुरुवात करा.